एसएसएचनं सर्व्हरमध्ये शिरता येत नाही: कोणत्या दारात अडलं ते आधी ओळखा

प्रश्न थोडक्यात असा. भाड्याच्या उबुंटू २४.०४ सर्व्हरवर एसएसएचचं (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) पोर्ट २२ वरून २२२२ केलं, कॉन्फिग फाइलच्या तळाशी पासवर्ड बंद करणारी ओळ लिहिली, आपली पब्लिक की (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांच्या जोडीतली उघड किल्ली) चढवली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. आता २२२२ वर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. २२ वर मात्र सर्व्हर अजून उभा आहे, की न मानता पासवर्ड मागतो आणि तो दिला की आत घेतो. लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून दिवसभर प्रयत्न चालू आहेत. चुकलं काय, आणि हे पक्कं कसं करायचं?

चुका तीन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मूळ मात्र एकच: फाइलमध्ये लिहिलं म्हणजे सर्व्हरनं मानलं, असं धरून चाललं गेलंय. तुम्ही काय लिहिलंत हे बाजूला ठेवा, सर्व्हर या क्षणी काय मानतोय ते त्यालाच विचारा. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे नागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकायच्या.

काहीही बदलण्याआधी एक गोष्ट करा. ज्या खिडकीत आत्ता लॉगिन आहे ती बंद करू नका. एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच सांभाळणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट झाला तरी चालू सेशन तुटत नाही, कारण प्रत्येक सेशनची प्रोसेस वेगळी असते. ती खिडकी म्हणजे तुमची परतीची वाट. सगळ्या चाचण्या दुसऱ्या खिडकीतून करायच्या. शिवाय होस्टिंगवाल्याच्या वेब कन्सोलमधून आत जाता येतं का, हे आजच करून बघा. बऱ्याच क्लाउड इमेजमध्ये रूटला (सर्वाधिकारी खात्याला) किंवा वापरकर्त्याला पासवर्डच ठेवलेला नसतो. मग कन्सोल उघडतो, लॉगिनची ओळ दिसते आणि टाकायला काहीच नसतं.

आता पोर्ट. ‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ यांत मोठा फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे तुमचं पॅकेट त्या मशीनपर्यंत पोचलं आणि तिथून उत्तर आलं की या पोर्टवर कुणी ऐकत नाही. टाइम्ड आउट म्हणजे पॅकेट वाटेत कुणीतरी गिळलं: मशीनवरचं फायरवॉल, होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधला सिक्युरिटी ग्रुप, नाहीतर चुकलेला पत्ता. ‘नो रूट टू होस्ट’ दिसलं की लोक राउटर तपासत बसतात. पण रेड हॅटच्या कुळातल्या सिस्टिमवर फायरवॉलडी (तिथलं फायरवॉल) नको असलेलं कनेक्शन ज्या पद्धतीनं नाकारतो, त्यामुळे क्लायंटला नेमका हाच संदेश दिसतो. रस्ता शाबूत असतो, पोर्ट उघडलेलं नसतं.

तुम्हाला रिफ्यूज्ड येतंय, म्हणून फायरवॉलच्या मागे लागायच्या आधी सर्व्हरवर ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ चालवा (सुडो म्हणजे कमांड रूटच्या अधिकारानं). २२ च्या ओळीत शेवटच्या रकान्यात ‘सिस्टिमडी’ (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) हे नाव दिसेल. उत्तर तिथेच आहे. उबुंटूनं २२.१० पासून एसएसएच सॉकेट-ॲक्टिवेशनवर नेलं. पोर्ट धरून बसतो तो सिस्टिमडी, आणि कनेक्शन आलं की तो एसएसएचडीला पुढे करतो. त्यामुळे तुम्ही ‘एसएसएच’ सर्व्हिस कितीदाही रीस्टार्ट केलीत तरी सिस्टिमडीच्या हातातलं २२ सुटत नाही. २४.०४ मध्ये पोर्टची ओळ कॉन्फिगमधूनच उचलली जाते, पण ती उचलण्यासाठी दोन कमांड या क्रमानं लागतात: ‘सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट’. पुन्हा ‘एसएस -टीएलएनपी’ करून २२२२ दिसतंय ना ते बघा. डेबियनवरची जुनी टिपणं उबुंटूला लावताना हमखास अडतं ते इथेच.

या दोन कमांडच्या आधी फायरवॉलमध्ये २२२२ उघडा. ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ २२२२/टीसीपी’ हे झालं मशीनवरचं. होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधला नियम वेगळा असतो आणि दोन्ही उघडावे लागतात. रेड हॅट, अल्मा, रॉकी यांवर एसईलिनक्सलाही (नेहमीच्या परवानग्यांवरचा जादा सुरक्षा-थर) सांगावं लागतं: ‘सेमॅनेज पोर्ट -ए -टी एसएसएच_पोर्ट_टी -पी टीसीपी २२२२’. तिथे हे विसरलं तर एसएसएचडी पोर्ट बांधतानाच ‘परमिशन डिनाइड’ म्हणून पडतो. रूट असूनही परवानगी कशी नाही, असा प्रश्न पडला की एसईलिनक्स आठवा.

दुसरी चूक पासवर्डची. तुम्ही ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ ही ओळ /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग या फाइलच्या तळाशी लिहिलीत. एसएसएचडीचा नियम साधारण समजुतीच्या उलटा आहे: एखादा पर्याय दोनदा आला तर पहिला चालतो, शेवटचा नाही. आणि डेबियन-उबुंटूत त्या फाइलच्या अगदी वर एक ‘इन्क्लूड’ ओळ असते. ती एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमधल्या, शेवटी .कॉन्फ असलेल्या सगळ्या फाइल आधी वाचायला लावते. क्लाउड इमेजवर तिथे ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ नावाची फाइल असते आणि तिच्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’. ती आधी वाचली गेली, तुमची ओळ नंतर आली, आणि दुर्लक्षिली गेली. ना एरर, ना इशारा.

ती फाइल खोडू नका, क्लाउड-इनिट (नवा क्लाउड सर्व्हर मांडून देणारं साधन) ती पुन्हा लिहू शकतं. त्याच फोल्डरमध्ये तिच्या आधी वाचली जाईल अशा नावाची आपली फाइल करा, उदाहरणार्थ १०-आमचे नियम अशा अर्थाचं काहीतरी, नावाच्या सुरुवातीला १० आणि शेवटी .कॉन्फ. तिच्यात दोन ओळी हव्यात: ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ आणि ‘केबीडीइंटरॅक्टिवऑथेंटिकेशन नो’. दुसरी ओळ सुटली आणि ‘यूजपॅम’ (पॅम म्हणजे लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) चालू असला, तर पॅमच्या वाटेनं पासवर्डचा प्रॉम्प्ट परत येऊ शकतो. दिसायला तो अगदी पहिल्यासारखाच असतो, म्हणून माणूस पहिल्या ओळीत चूक शोधत राहतो. जुन्या व्हर्जनमध्ये हाच पर्याय ‘चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन’ या नावानं होता. मूळ फाइलच्या तळाशी काही लिहायचंच असेल तर वर कुठे ‘मॅच’ ब्लॉक आहे का ते बघा. मॅचखालच्या ओळी पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत त्या ब्लॉकच्याच असतात. सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेली ओळ फक्त एखाद्या एसएफटीपी ग्रुपपुरती लागू होऊन बसते.

मग सर्व्हरला विचारा. ‘सुडो एसएसएचडी -टी’, स्मॉल टी, ही फक्त व्याकरण तपासते आणि सगळं ठीक असेल तर काही न बोलता परत येते. ‘सुडो एसएसएचडी -टी’, कॅपिटल टी, ही सगळ्या फाइल एकत्र वाचून शेवटी काय ठरलं त्याची पूर्ण यादी छापते. ही दुसरी कमांड या सगळ्या उत्तरातली सर्वात उपयोगी आहे. यादीत पर्यायांची नावं स्मॉल अक्षरांत येतात, त्यामुळे ग्रेप करताना (यादीत शब्द शोधताना) ‘-आय’ लावा. मॅच ब्लॉक असतील तर कॅपिटल सी देऊन वापरकर्ता, होस्ट आणि पत्ता कळवता येतो आणि त्या माणसापुरतं काय लागू होईल ते दिसतं. कन्सोलवरून चालवताना ‘मिसिंग प्रिव्हिलेज सेपरेशन डिरेक्टरी: /रन/एसएसएचडी’ असं आलं तर घाबरू नका. सॉकेट-ॲक्टिवेशनमध्ये पहिलं कनेक्शन येईपर्यंत ते फोल्डर तयारच झालेलं नसतं. ‘एमकेडीआयआर’नं बनवा आणि पुन्हा चालवा.

बाहेरून खात्री करायची खूण संदेशातच आहे. ‘परमिशन डिनाइड’च्या पुढे कंसात सर्व्हर कोणत्या पद्धती स्वीकारतो त्यांची नावं येतात. आत्ता तिथे ‘पब्लिककी, पासवर्ड’ दिसत असेल. दुसऱ्या खिडकीतून ‘एसएसएच -ओ पबकीऑथेंटिकेशन=नो’ लावून जोडा. कंसात नुसतं ‘पब्लिककी’ उरलं आणि पासवर्ड न विचारताच हाकललं, तर पासवर्ड खरोखर बंद झाला. पण तुमची की चालत नाही तोवर हे पाऊल टाकायचं नाही, नाहीतर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल.

म्हणून आता की. या भागात सर्वात जास्त वेळ जातो, आणि तोही चुकीच्या टोकाला बघितल्यामुळे. क्लायंटला सर्व्हर मुद्दाम कारण सांगत नाही; सांगितलं तर हल्लेखोरालाही कळेल. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. एका खिडकीत ‘सुडो जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ’ चालू ठेवा (रेड हॅट कुळात युनिटचं नाव एसएसएचडी) आणि दुसरीतून जोडायचा प्रयत्न करा. सर्वात नेहमीची ओळ ही:

ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी /होम/वापरकर्ता

एसएसएचडी ऑथोराइज्ड_कीज ही फाइल नुसती बघत नाही, तिच्यापर्यंतची वाटही बघतो. होम फोल्डर ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येण्यासारखा असेल, तर दुसरा कुणी तुमचं .एसएसएच फोल्डर बाजूला सारून स्वतःचं ठेवू शकतो, म्हणून तो ती की मानतच नाही. वेबसाइट अपलोड होत नाही म्हणून कुणीतरी होम फोल्डरवर ‘सीएचमॉड -आर ७७७’ मारलेलं असतं आणि एसएसएच बिघडल्याचं दोन दिवसांनी कळतं. ‘नेमआय -एल’ला ऑथोराइज्ड_कीजचा पूर्ण पत्ता द्या: मुळाच्या स्लॅशपासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरी, तिचा मालक आणि परवानग्या एकाखाली एक दिसतात आणि दोष डोळ्यांनी सापडतो. होमवरून ग्रुप आणि इतरांचा डब्ल्यू काढा, .एसएसएच ७०० करा, फाइल ६०० करा. मालकही बघा. सुडोनं फोल्डर केलं असेल तर मालक रूट होतो, आणि ६०० परवानगीची रूटची फाइल एसएसएचडीला वाचता येत नाही, कारण ती तो वापरकर्त्याच्या अधिकारानं उघडतो. एसईलिनक्स असेल तर लेबलंही बिघडलेली असू शकतात; ‘रीस्टोअरकॉन -आर -व्ही’ .एसएसएच फोल्डरवर चालवा, त्यातला आर कॅपिटल.

परवानग्या ठीक असूनही की चालत नसेल तर ओळ तुटलेली असते. पब्लिक की म्हणजे एक सलग ओळ. ईमेल किंवा व्हॉट्सॲपमधून चिकटवली की मधेच दोन तुकडे होतात. ईडी२५५१९ प्रकारात मधला अक्षरांचा गठ्ठा नेमका ६८ अक्षरांचा असतो, मोजून बघता येतो. त्याहून सोपं म्हणजे ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ला ऑथोराइज्ड_कीज द्या. जितक्या ओळी वैध तितके फिंगरप्रिंट छापले जातात. तुमचा त्यात नसेल तर ओळ खराब आहे. विंडोजवरून पुटी वापरणाऱ्यांची ठरलेली चूक वेगळी: पुटीजेनमधलं ‘सेव्ह पब्लिक की’ बटण दाबून मिळालेली फाइल अनेक ओळींच्या दुसऱ्याच साच्यात असते आणि ती इथे चालत नाही. खिडकीच्या वरच्या चौकटीत दिसणारा मजकूर पूर्ण निवडून तो चिकटवायचा. आणि पुटीच्या ०.६८ ते ०.८० या व्हर्जनमध्ये ५२१ बिटांची ईसीडीएसए की वापरली असेल तर ती कायमची फेकून द्या. एप्रिल २०२४ मध्ये उघड झालेल्या दोषामुळे सुमारे ६० सह्यांवरून अशी प्रायव्हेट की काढता येते. पुटी अपडेट केल्यानं ती की पुन्हा सुरक्षित होत नाही, नवी बनवून जुनी सगळ्या सर्व्हरवरून काढावी लागते.

क्लायंटच्या बाजूनं ‘एसएसएच -व्ही’मध्ये दोन ओळी शोधा: ‘ऑफरिंग पब्लिक की’ आणि ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’. पहिलीच नसेल तर क्लायंट ती की पाठवतच नाही. ‘-आय’नं पत्ता द्या. पहिली पाच-सहा वेळा येऊन ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ आलं, तर एजंटमधल्या (किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) सगळ्या किल्ल्या एकेक करून पुढे केल्या जातायत आणि खरीची पाळी येण्याआधीच ‘मॅक्सऑथट्राइज’ची ६ ची मर्यादा संपतेय. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये त्या होस्टखाली ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहा. ‘नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम’ आलं तर एक बाजू जुनी आहे: ओपनएसएसएच (एसएसएचचं नेहमीचं सॉफ्टवेअर) ८.८ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून, आरएसएच्या एसएचए-१ वरच्या सह्या बंद आहेत. आरएसए की स्वतः वाईट नाही, सही करायची जुनी पद्धत वाईट आहे. जुन्या स्विच किंवा राउटरपायी ती पद्धत चालू करावी लागली तर क्लायंटमध्ये फक्त त्या एका होस्टखाली करा; सर्व्हरवर सरसकट उघडू नका.

की चालली. आता पासवर्ड बंद करायला हरकत नाही, पण सुटकेची दोरी बांधून. ‘सुडो सिस्टिमडी-रन --ऑन-ॲक्टिव=१०मिनिट’च्या पुढे अशी कमांड द्या, जी तुमची १० वाली फाइल हटवेल, डेमन-रीलोड करेल आणि सॉकेट रीस्टार्ट करेल. हे चालवलं की एका टायमरचं नाव छापलं जातं, ते लिहून ठेवा. मग बदल लागू करा, दुसऱ्या खिडकीतून नव्यानं लॉगिन करा, सुडोही चालवून बघा. सगळं ठीक असेल तर तो टायमर ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’नं थांबवा. अडलात तर काही न करता दहा मिनिटं बसा, सर्व्हर आपणहून जुन्या स्थितीत येईल. स्मॉल टीची चाचणी पास झाली म्हणून हे टाळू नका. ‘अलाऊयूजर्स’मध्ये स्वतःच्या नावाचं एक अक्षर चुकलं तरी व्याकरण बरोबरच असतं.

रूटचं लॉगिनही याच वेळी बंद करा: ‘परमिटरूटलॉगिन नो’. २०१५ च्या ७.० व्हर्जनपासून मूळ ओपनएसएसएचमध्ये रूटला पासवर्डनं येता येत नाही, पण कीनं येता येतं. पूर्ण बंद करण्याआधी साधा वापरकर्ता सुडो करू शकतो का ते पाहा. फक्त की ठेवून बनवलेल्या वापरकर्त्याला पासवर्डच नसतो आणि सुडो पासवर्ड मागतं; मग आत येता येतं पण काहीच करता येत नाही. त्यासाठी ‘पासडब्ल्यूडी’नं त्याला भक्कम पासवर्ड द्या. एसएसएचवरून पासवर्ड चालणारच नाही, त्यामुळे धोका वाढत नाही, उलट कन्सोलचीही सोय होते. कुणाला आत घ्यायचं ते नावांपेक्षा ग्रुपनं ठरवा, ‘अलाऊग्रुप्स’ लिहून. नवा माणूस आला की कॉन्फिगला हात लावावा लागत नाही.

लॉगमधल्या त्या प्रयत्नांबद्दल. पासवर्ड दोन्ही वाटांनी बंद झाला की ते बॉट निष्फळ होतात. अंदाजानं ईडी२५५१९ की सापडत नाही. पोर्ट बदलल्यानं सुरक्षा वाढत नाही, गोंगाट कमी होतो, आणि तेवढ्यासाठी ते करायला हरकत नाही. फक्त २२२२ हा सर्वांचा पहिला अंदाज असतो. शिवाय १०२४ च्या वरचं पोर्ट कुठलाही साधा वापरकर्ता बांधू शकतो. एसएसएचडी काही कारणानं पडला तर त्याच पोर्टवर दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम बसू शकतो. बदलायचंच तर १०२४ च्या खालचं, दुसऱ्या सेवेचं नसलेलं निवडा.

गोंगाटाचा एक खरा त्रास आहे आणि तो फारसा कुणी ओळखत नाही. ‘मॅक्सस्टार्टअप्स’ची मूळ किंमत १०:३०:१०० असते. लॉगिन पूर्ण न झालेली १० कनेक्शन साचली की नव्यांपैकी ३० टक्के कनेक्शन चिठ्ठ्या टाकल्यासारखी सोडून दिली जातात. हे प्रमाण वाढत जातं आणि १०० ला सगळीच नाकारली जातात. बॉटांनी जागा अडवल्या की तुम्हालाच मधूनमधून ‘केईएक्स_एक्स्चेंज_आयडेंटिफिकेशन: कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट’ असं येतं, दुसऱ्या प्रयत्नात आत जाता, तिसऱ्यात पुन्हा अडता. ‘लॉगिनग्रेसटाइम’ मुळात १२० सेकंद असतो, तो ३० करा म्हणजे जागा लवकर मोकळ्या होतात.

फेल२बॅन (वारंवार चुकणारे पत्ते अडवणारं साधन) इथे उपयोगी आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. ते बसवल्यावर खरंच काम करतंय का ते ‘फेल२बॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी’नं बघा. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप येत नाही, म्हणून /वार/लॉग/ऑथ.लॉग ही फाइलच नसते. मग फेल२बॅनच्या जेल.लोकल फाइलमध्ये ‘बॅकेंड = सिस्टिमडी’ लिहावं लागतं. ओपनएसएसएच ९.८ मध्ये एसएसएचडीचे दोन भाग झाले आणि लॉगमधलं प्रोसेसचं नाव ‘एसएसएचडी-सेशन’ झालं. जुन्या फिल्टरला ते नाव ठाऊक नसतं, फेल२बॅन हिरवं दिसतं आणि एकही पत्ता अडवत नाही. त्याच ९.८ पासून ‘परसोर्सपेनल्टीज’ हा बंदोबस्त एसएसएचडीच्या आतच आला आहे, वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला तो काही काळ दूर ठेवतो. तुमच्या २४.०४ वर ९.६ आहे, म्हणून तो मिळणार नाही. पत्ते अडवताना आपल्याकडची एक परिस्थिती विसरू नका: मोबाइल डेटा आणि बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक असतात. आठवड्याभराची बंदी घातलीत तर त्या पत्त्यामागून येणारा तुमचाच सहकारी अडकेल. ऑफिसला स्थिर आयपी असेल तर तो ‘इग्नोअरआयपी’मध्ये घाला. सगळे येणारे ठरलेले असतील तर याहून चांगला उपाय वायरगार्ड (एक व्हीपीएन, म्हणजे खाजगी बोगदा): एसएसएच फक्त त्या बोगद्याच्या पत्त्यावर ऐकू द्या आणि बाहेरचं पोर्ट बंद ठेवा.

अपडेटचं महत्त्व पोर्टपेक्षा कितीतरी जास्त. जुलै २०२४ मध्ये उघड झालेला ‘रेग्रेशन’ दोष, सीव्हीई-२०२४-६३८७, ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) असलेल्या लिनक्सवर लॉगिन न करताच वापरता येत होता, ८.५ पासून ९.८ च्या आधीपर्यंतची व्हर्जन त्यात सापडली. त्याआधी मार्चमध्ये एक्सझेडच्या (फाइल दाबून लहान करणारं साधन) ५.६.० आणि ५.६.१ मध्ये लपवलेली चोरवाट सापडली, तीही आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं म्हणून. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ (सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवणारी सोय) चालू ठेवा. आणि स्कॅनरनं ‘ओपनएसएसएच ९.६, धोकादायक’ असा अहवाल दिला तर आधी पॅकेजचं पूर्ण व्हर्जन ‘डीपीकेजी -एल’नं बघा. उबुंटू वरचा आकडा न बदलता दुरुस्ती आत घालतो. फरक शेपटातल्या आकड्यांत असतो.

किल्ल्यांच्या बाबतीत कडक राहा. पाच जणांत एकच प्रायव्हेट की वाटून घेणं फार ठिकाणी चालतं आणि ते लगेच थांबवावं. एक जण नोकरी सोडून गेला की सगळ्यांची की बदलावी लागते, म्हणून कुणीच बदलत नाही. प्रत्येकाची वेगळी की, ओळीच्या शेवटी कुणाची आणि कोणत्या लॅपटॉपची याची नोंद. प्रायव्हेट कीवर पासफ्रेज हवाच. आधी ठेवला नसेल तर ‘एसएसएच-कीजेन -पी’नं नंतरही घालता येतो, की बदलत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टसाठी पासफ्रेज शक्य नसतो, तिथे ऑथोराइज्ड_कीजच्या ओळीआधी ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ठरलेली ‘कमांड’ लिहा, जमलं तर ‘फ्रॉम’मध्ये पत्ताही. ती की चोरली गेली तरी तेवढंच एक काम होतं. मधल्या मशीनवरून पुढे जायचं असेल तर एजंट फॉरवर्डिंग नको, कारण मधल्या मशीनचा रूट तुमचा एजंट वापरू शकतो. कॅपिटल जे वापरा, म्हणजे प्रॉक्सीजंप.

दोन लक्षणं अजून, कारण ती कॉन्फिगमध्ये शोधून सापडत नाहीत. जोडणी सुरू होऊन ‘एक्स्पेक्टिंग एसएसएच२_एमएसजी_केईएक्स_ईसीडीएच_रिप्लाय’वर गोठली, तर लहान पॅकेट पोचतायत आणि मोठी वाटेत हरवतायत. व्हीपीएन किंवा पीपीपीओई असलेल्या लाइनवर हे होतं. पीपीपीओईत १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. क्लायंटच्या इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तात्पुरता १४०० करून बघा, चाललं तर निदान पक्कं. आणि काही मिनिटं काम न केल्यावर सेशन गोठत असेल तर वाटेतला नॅट (पत्ते बदलून पुढे पाठवणारा राउटर) जोडणी विसरतोय. क्लायंटमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ लिहा. गोठलेली खिडकी बंद करायला एंटर, मग टिल्ड, मग पूर्णविराम.

लॉग किती दिवस ठेवायचे हा प्रश्न भारतात कायद्याशी जोडलेला आहे. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. उबुंटूचं लॉगरोटेट ऑथ.लॉग आठवड्याला फिरवून ४ प्रती ठेवतं, म्हणजे जेमतेम महिना. /ईटीसी/लॉगरोटेट.डी/आरसिसलॉग मधला ‘रोटेट’ २६ करा, १८२ दिवस होतात. नुसत्या जर्नलवर (सिस्टिमडीच्या लॉगवर) असाल तर तो जागेच्या मर्यादेनं कापला जातो, मुळात डिस्कच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी. बॉटांचा गोंगाट जितका जास्त तितके जुने दिवस लवकर पुसले जातात. प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवा, कारण आत शिरलेला माणूस आधी लॉगच साफ करतो. क्लाउड सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर असतं; पहाटे साडेतीनची म्हणून दिसणारी ओळ आपल्याकडच्या सकाळी नऊची असते. घटनांचा क्रम लावताना हे साडेपाच तास धरा.

शेवटी, आजच्या दिवसाचं राहिलेलं काम. तुमच्या सर्व्हरवर पासवर्ड इतके दिवस उघडा होता, तेव्हा जर्नलमध्ये आणि ऑथ.लॉगच्या जुन्या प्रतींत ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड’ शोधा (जीझेड झालेल्या प्रतींसाठी झेडग्रेप). प्रत्येक ओळीतलं नाव आणि पत्ता ओळखीचा आहे का ते बघा. रूटसकट सगळ्या वापरकर्त्यांच्या ऑथोराइज्ड_कीज फाइल उघडून आपण न घातलेली ओळ आहे का पाहा, क्रॉनटॅबही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा. एक जरी अनोळखी लॉगिन सापडलं तर मशीन साफ करत बसू नका. लॉग आणि डिस्कची प्रत काढून ठेवा, नवा सर्व्हर उभा करा, त्यावर फक्त डेटा न्या, आणि जुन्या सर्व्हरवर ठेवलेला प्रत्येक पासवर्ड, डेटाबेसचा आणि एपीआयचासुद्धा, बदला. आणि पासवर्ड बंद केल्यानंतरच्या तारखेची एखादी ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड’ ओळ दिसली, तर परत कॅपिटल टीच्या यादीकडे जा. पासवर्डची एक वाट अजून उघडी राहिली आहे.